मिस हेस्टर आणि शेरीफची चिलखती गाडी

फुकट ते पौष्टिक, हे तत्त्व आमच्या चेसापीक खाडीच्या काठालाही लागू आहे. अमेरिकन लष्करानं जुन्या चिलखती गाड्या फुकट वाटायला काढल्या तेव्हा आमचा पोलीसप्रमुख शेरीफ ड्वेन रुआर्कनं शाळेतल्या पोरासारखा हात वर केला आणि खरोखरच एक गाडी त्याच्या पदरात पडली. सुरुंगावरून गेली तरी आतल्या माणसाच्या कपातली कॉफी हिंदकळणार नाही, अशी तिची ख्याती. आमच्या काउंटीत सुरुंग नाहीत. आमच्याकडे खेकड्यांचे पिंजरे चोरीला जातात, आणि एकदा हार्लन बाउंड्सनं घटस्फोटानंतर बायकोचा सोफा खाडीत ढकलला होता. गुन्हेगारी म्हणावी तर एवढीच.

शिवाय गाडीचं वजन असं, की गावाबाहेर जाणाऱ्या दोन्ही लाकडी पुलांना ती झेपेना. ती आली तराफ्यावरून, आणि आल्यापासून गावातच अडकून पडली. म्हणजे चोरानं पूल ओलांडला की चोर सुटला. तरी ड्वेन तिला दर शनिवारी धुवायचा, पुसायचा, नाताळच्या मिरवणुकीत तिच्या टपावर सांताक्लॉजला बसवायचा. अंत्यविधीवाल्या मिलबर्न ट्रॅव्हर्सची शववाहिका चिखलात रुतली तेव्हा तिला ओढून काढायचं एकमेव खरं काम ह्या गाडीनं केलं. प्रेताला इतका बंदोबस्त आमच्याकडे पूर्वी कधी मिळाला नव्हता.

ड्वेनची बायको रोवीना शाळेची बस चालवते. गाडीबद्दल तिची तक्रार नव्हती. नवऱ्याला एखादं खेळणं असलेलं बरं, असं तिचं मत. तिच्या डोक्याला ताप होता तो दुसऱ्याच खेळण्याचा, आणि ते होतं तिच्या बापाचं.

तिचा बाप एल्झी इन्स्ली, ऐंशीला टेकलेला. आयुष्यभर त्यानं ठासणीच्या बंदुका घडवल्या. नळीच्या तोंडातून बारूद ओतायची, वर बोळा, वर गोळा, आणि गजानं ठासायचं, असा तो जुना कारभार. म्हातारपणी त्याला लहर आली आणि त्यानं पणजोबांच्या वेळची होडीबंदूक घडवली. पूर्वी आमचे लोक असली अजस्र बंदूक होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, बांधायचे, पोटावर पडून बदकांच्या थव्यापर्यंत सरकायचे आणि मूठमूठ छऱ्यांच्या एका बारात अख्खा थवा पाण्यावर आडवा करायचे. सरकारनं शंभर वर्षांपूर्वी त्यावर बंदी घातली. तेव्हापासून आमच्याकडे त्या बंदुकीबद्दल देवापेक्षा जास्त आदर आहे. एल्झीची बंदूक दोन माणसांएवढी लांब होती आणि नळीत तान्ह्या मुलाची मूठ सहज जाईल एवढी रुंद. तिला त्यानं सासूचं नाव दिलं, मिस हेस्टर. सासूबाई वर्षातून एकदाच बोलायच्या म्हणे, पण मग घरात पुढचं वर्षभर कुणी बोलायचं नाही.

हे सगळं ठीकच होतं. पण मार्चमध्ये एल्झी शिसं वितळायचं भांडं आपल्या कारखान्यातल्या चुलीवर ठेवून घरात जाऊन झोपला. रोवीना त्याच्यासाठी सूप घेऊन आली तेव्हा कारखान्यातलं बाक जळत होतं आणि बारुदीचे डबे तिथून हातभर अंतरावर होते. तिनं सूपच त्या आगीवर ओतलं. त्या दिवसापासून फोन वाजला की ती स्फोटाचीच बातमी समजून धावायची.

"डॅडी, बारूद तिथून हलवायची," एका रविवारी जेवताना तिनं विषय काढलाच. "आमच्या गॅरेजमध्ये लोखंडी कपाट आहे. लागेल तेव्हा लागेल तेवढी न्या."

"आणि बंदूक तयार झाली की चाचणी कशानं घेऊ? तोंडानं ठो म्हणू?"

"तेवढी देऊ ना आम्ही."

"देऊ! ऐकलंस का ड्वेन, माझीच बारूद ही मला देणार. आचाऱ्यानं मीठ शेजारणीकडून मागून आणायचं."

"मिस्टर एल्झी, हट्ट सोडा आता," ड्वेन कालवांची भजी चावत म्हणाला. "तुमचे हात पूर्वीसारखे..."

"काय झालंय माझ्या हातांना?"

ड्वेन घाबरला. घाबरला की तो गाडीवर घसरतो. "तसं नाही हो. काळ बदलला, एवढंच म्हणतोय. आता माझी गाडीच बघा. तिच्यापुढे तुमची मिस हेस्टर म्हणजे फटाकडी. माझ्या गाडीला कुणाच्या बापाला थांबवता येणार नाही."

"तुझ्या बायकोच्या बापाला येईल," एल्झी म्हणाला.

झालं. भजी थंड होईपर्यंत पैज ठरली. मिस हेस्टरचा एक बार गाडीवर काढायचा. त्यानंतर गाडी आपल्या पायांनी मैदानातून रस्त्यापर्यंत गेली, तर बारूद रोवीनाच्या कपाटात. नाही गेली, तर बारूद जिथे आहे तिथेच राहणार आणि पुन्हा कुणी तो विषय काढायचा नाही. रोवीनाला हे मुळीच पसंत नव्हतं. पण तिनं हिशेब केला: त्या राक्षसाला शिशाच्या गोळ्यानं काय होणार? आणि बापाला समजावून जे जमलं नव्हतं ते हरवून जमलं तर तिला चालणार होतं. बाप जिवंत हवा होता, बास.

अग्निशमन दलाला निमित्तच हवं होतं. त्यांनी पैजेच्या नावानं तिकिटं लावली, कालवांची सँडविचं नि रताळ्याच्या ‘पाय’ नावाच्या गोड भाजलेल्या पोळ्या विकायला मांडल्या, आणि नोव्हेंबरातल्या एका शनिवारी अख्खा गाव दलदलीच्या काठच्या जुन्या बेसबॉल मैदानावर गोळा झाला. गाडी दलदलीकडे पाठ करून उभी होती. ड्वेननं मुद्दाम इंजिन चालू ठेवलं होतं, दारं बंद करून. आत रेडिओवर प्रवचन चाललं होतं. "बार होऊ दे, मी आत बसतो नि तडक रस्त्याला लागतो. बंदसुद्धा पडायची नाही," तो जो भेटेल त्याला सांगत होता.

मिस हेस्टर होडीच्या नाळेवर बांधलेली, आणि होडी फळ्यांवर. फळ्यांना डुकराची चरबी चोपडली होती, म्हणजे धक्क्यानं होडी फुटण्याऐवजी मागे घसरेल. छऱ्यांचं इथे काम नव्हतं. एल्झीनं अखंड शिशाचे दोन गोळे ओतून आणले होते, एकेक मोठ्या लिंबाएवढा, वजनाला वीट.

पंच होता मिलबर्न ट्रॅव्हर्स, तोच अंत्यविधीवाला आणि ठासणीवाल्यांच्या क्लबचा अध्यक्ष. त्याच्या गळ्यात दोरीला शिशाची एक गोळी लोंबत होती, आणि ती दागिना नव्हती. आमच्या क्लबात कायदे थोडे पण कडक. माणूस बार भरत असताना त्याच्याशी कुणी अवाक्षर बोलायचं नाही, पाद्रीसुद्धा नाही. आणि बारूद ओतायची विसरून जो नुसताच गोळा ठासेल तो त्या दिवसापुरता बाद. शिवाय तोच गोळा भोक पाडून त्यानं गळ्यात घालायचा, पुढचा मूर्ख सापडेपर्यंत. भरणाऱ्याशी बोलून कुणी त्याचं लक्ष उडवलं असेल, तर मात्र भरणारा सुटतो आणि बोलणाऱ्याच्या गळ्यात गोळा येतो. मिलबर्न ती गोळी घालून दोन वर्षं लोकांना पुरत होता. बाहेरगावच्या नातेवाइकांना तो काहीतरी धार्मिक प्रकार वाटायचा.

"मंडळी, भरणं सुरू," मिलबर्न ओरडला, आणि मैदान गप्प झालं. लहान मुलांच्या तोंडात पायचे तुकडे कोंबण्यात आले.

एल्झी कामाला लागला. पिशवीतून वस्तू काढ, ठेव, वाक, उभा राहा. रोवीना प्रेक्षकांसाठी बांधलेल्या दोरीच्या अलीकडे उभी होती. तिनं ठरवलं होतं हातांकडे बघायचं नाही, म्हणून ती चेहऱ्याकडे बघत होती. चेहरा तिला आवडला नाही. ओठ पांढरे पडलेले, कपाळावर घाम, आणि हवा तर बोचरी. एकदा त्याचा तोल गेला. तो गजावर रेलून क्षणभर थांबला.

"डॅडी, सकाळचं हृदयाचं औषध घेतलंत ना?"

तोंडातून निघून गेलं. सगळ्या मैदानानं एकदम श्वास आत घेतला. शाळेच्या बसमध्ये शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज तो; न ऐकल्यासारखं करायची कुणाला सोय नव्हती. पाद्र्याच्या बायकोनं तर छातीवर हात ठेवला. एल्झीनं सावकाश मान वळवून लेकीकडे पाहिलं आणि गज दोनदा ठासून बाहेर काढला. मग त्यानं बार पेटवणारी तांब्याची छोटी टोपी बसवली, घोडा वर केला, चापाला बांधलेली लांब दोरी हातात घेऊन मागे आला.

"कान झाका!"

सगळ्यांनी कान झाकले. एल्झीनं दोरी ओढली.

टच्.

बस. एवढंच. आता गप्प राहिलेली नळी उशिरा बोलू शकते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. सगळा गाव चिखलात पालथा पडला. नवे कोट, रविवारच्या टोप्या, कुणाची सँडविचं छातीखाली. ड्वेन पायच्या टेबलाखालून "कुणी हलू नका!" म्हणून हुकूम देत होता आणि गाडीच्या पोटातून प्रवचनकार पश्चात्तापाबद्दल समजावून सांगत होता. बराच वेळ झाला तरी काही होईना. एल्झीनं जाऊन नवी टोपी बसवली. पुन्हा दोरी, पुन्हा टच्.

"टोप्या दमट आहेत," एल्झी म्हणाला.

"नाचता येईना, अंगण वाकडं," चिखलातून मिलबर्न उठला. दोन वर्षांनी त्याच्या चेहऱ्यावर आशा दिसत होती. त्यानं गज उचलून नळीत सोडला. गजावर खुणा असतात. खाली बारूद असेल तर गज अमुक खुणेपाशी अडायला हवा. तो अडला नाही. खूण नळीत गडप झाली आणि वर वीतभरच गज उरला.

"कोरडा," मिलबर्न म्हणाला. सुरुवात त्यानं आनंदानं केली होती, पण एल्झीकडे बघून त्याचा आवाज उतरला. "एल्झी, बारूद नाहीये रे आत."

कुणी हसलं नाही. एल्झी गजाकडे बघत होता. रागानं नाही, लाजेनंही नाही. ओळखीच्या माणसानं रस्त्यात ओळख दाखवू नये, तसं काहीसं त्याला झालं होतं. हा माणूस पन्नास वर्षं क्लबातल्या पोरांना भरणं शिकवत आलेला. त्याच्या गळ्यात कधी गोळी आली नव्हती.

रोवीनानं आता फक्त गप्प बसायचं होतं. बाप बाद झाला, पैज संपली, संध्याकाळी बारूद कपाटात. मार्चपासून ती ह्याचीच वाट बघत होती. पण बापाचा तो चेहरा तिला बघवेना.

"मी बोलले!" ती ओरडली. "डॅडी भरत होते तेव्हा मी बोलले. सगळ्यांनी ऐकलंय. गोळा माझा."

"रो, काय करतेस?" ड्वेन टेबलाखालून कुजबुजला. "जिंकलो होतो आपण!"

"तू आधी बाहेर ये तिथून, मग बोल."

मिलबर्ननं डोकं खाजवलं. कायदा तर कायदा. "बोलणाऱ्याच्या गळ्यात गोळा. भरणारा सुटला. पुन्हा भरायला हरकत नाही." मग त्यानं स्वतःच्या गळ्यातली चण्याएवढी गोळी इतक्या घाईनं काढली की दोरी कानात अडकली.

आतला गोळा काढायची एक युक्ती असते. टोपीखालच्या भोकातून चिमूटभर बारूद आत सारायची आणि चाप ओढायचा. फुस्स झालं, आणि कोंबडीनं अंडं टाकावं तसा तो गोळा मिस हेस्टरच्या तोंडातून चिखलात पडला. आता मात्र लोक पोट धरधरून हसले. रोवीनाच्या गळ्यात काय येणार ते सगळ्यांना दिसत होतं. "बस चालवताना ब्रेक लावू नकोस हं, पुढे जाशील," हार्लन बाउंड्स म्हणाला.

एल्झीनं पुन्हा भरलं. ह्या वेळी रोवीनानं तोंडावर दोन्ही हात ठेवले होते, आणि काळी बारूद नरसाळ्यातून खाली जाताना अख्ख्या गावानं पाहिली. टोपी, घोडा, दोरी.

मिस हेस्टर बोलली.

आवाज कानांनी ऐकायचा नव्हताच, तो दातांत आला. चर्चची एक काच गेली. दलदलीतली होती नव्हती ती सगळी बदकं उडाली आणि पुढचे दोन दिवस परतली नाहीत. होडी चरबीवरून मागे सुटली ती थेट पायच्या टेबलावर, आणि ड्वेन टेबलाखालून निघाला होता म्हणून वाचला. पांढऱ्या धुरानं मैदान भरलं. धूर विरला तेव्हा गाडी जागच्या जागी उभी होती. ड्रायव्हरच्या दारावर ताटलीएवढा पोचा आणि त्यावर भिंतीवर फेकून मारलेल्या पिठासारखं चपटं झालेलं शिसं. आरपार काहीही गेलं नव्हतं. इंजिन चालू होतं. प्रवचनसुद्धा चालू होतं.

"बघा!" अंगावर रताळ्याचा लगदा घेऊन ड्वेन नाचायला लागला. "बघा लेको! साधा ओरखडासुद्धा नाही! आता बघा कशी जाते रस्त्याला!"

त्यानं दाराचा दांडा ओढला. दार उघडेना. लाथ घातली, पायच दुखला. पलीकडचं दार, मागचं दार, टपावरचं झाकण, सगळं आतून बंद. ह्या गाड्यांना आतल्या बाजूनं लोखंडी अडसर असतात. शत्रूनं बाहेरून दार उघडू नये म्हणून. मिस हेस्टरच्या दणक्यानं ते सगळे अडसर खाली पडले होते. किल्ली आत, इंजिन चालू, आणि गाडी जगातल्या कुठल्याही शत्रूपासून सुरक्षित. ड्वेनसुद्धा त्या क्षणी शत्रूंत जमा झाला होता.

अग्निशमन दलानं आपली नवी कोरी पोलादी कातर आणली. कातरीचं पातं तुटलं. काचेवर घण घातला, घण परत आला. कुणीतरी सुचवलं की मिस हेस्टरलाच पुन्हा विचारू या. ड्वेन त्याच्या अंगावर धावून गेला.

"गाडी रस्त्याला लागली का?" मिलबर्ननं मोठ्यानं विचारलं.

"नाही!" गाव ओरडला.

"लागेल असं दिसतंय का?"

"नाही!"

"मग एल्झी इन्स्ली जिंकला."

लोकांनी म्हाताऱ्याला खांद्यावर घेतलं. रोवीनानंही टाळ्या वाजवल्या. वाजवताना तिच्या मनात आलं की आपणच त्याला जिंकवलं आणि आता कधीतरी तो फोन येईलच. तिला स्वतःच्या दोन थोबाडीत माराव्याशा वाटल्या.

ऊन कलल्यावर मिस हेस्टरला ओढत, ढकलत कारखान्यात आणून ठेवलं आणि मदतीची मंडळी उरलेल्या कालवांकडे पळाली. बाप-लेक दोघंच राहिली. दलदलीपलीकडून इंजिनाची घरघर अजून ऐकू येत होती. डिझेल संपायची वाट बघत ड्वेन गाडीपाशीच बसला होता. एल्झी गरम पाण्यानं नळी धूत होता.

"ठरल्याप्रमाणे विषय संपला, डॅडी," रोवीना म्हणाली. "मी काढणार नाही पुन्हा."

"हं."

"फक्त चुलीकडे लक्ष ठेवत जा."

एल्झीनं चिंधी पिळली. "रो, तू बोललीस तेव्हा माझ्या हातात काय होतं?"

"मला काय माहीत? मी तोंडाकडे बघत होते तुमच्या. माप असेल."

"गज होता."

रोवीना बाकावरचं नरसाळं पुसायला लागली.

"गज होता म्हणजे गोळा आत गेला होता. तू तोंड उघडायच्या आधीच. तुझा काही दोष नव्हता, पोरी."

"जाऊ दे ना. मिलबर्ननं निकाल दिलाय."

"मिलबर्न गेला खड्ड्यात. नाहीतरी रोज जातोच." तो हसला नाही. ओल्या हातांनी बाकाची कड धरून उभा राहिला. "विसरलो, त्याचं एवढं नाही. माणूस विसरतो. पण मला ती ओतलेली आठवते आहे, रो. माप भरलेलं आठवतंय. बोटाला काळं लागलेलं आठवतंय, ते मी पँटला पुसलं, तेसुद्धा आठवतंय. आत्ता ह्या क्षणीसुद्धा मी शपथ घेईन की मी ओतली होती."

रोवीनानं नकळत त्याच्या पँटकडे पाहिलं. तीवर दोन्ही बाजूंना काळे डाग होते. दुसऱ्या बाराचे की कुठले, कोण सांगणार. तिला बापाबद्दल इतकी भीती कधी वाटली नव्हती आणि इतकी मायाही कधी आली नव्हती.

"असं होतं कधीकधी," ती म्हणाली. ते खोटं होतं आणि दोघांना ते कळत होतं.

एल्झी कोपऱ्यात गेला. एकेक करून त्यानं बारुदीचे डबे बाहेर आणले आणि तिच्या ट्रकमध्ये मागे रचले. ती मदतीला गेली तर त्यानं तिला बाजूला केलं. डबे हलू नयेत म्हणून मध्ये पोती खुपसली, वरून ताडपत्री बांधली, गाठ दोनदा ओढून पाहिली. रोवीनाला वाटत होतं, त्यानं ओरडावं. हट्ट करावा, पैजेची आठवण करून द्यावी, ड्वेनला शिव्या घालाव्या. तिनं हे भांडण किती वेळा मनात जिंकलं होतं, आणि आता जिंकण्यासारखं समोर काही उरलंच नव्हतं.

ती ट्रकमध्ये बसली. एल्झी खिडकीपाशी आला. हात कुठे ठेवावे ते त्याला कळेना, म्हणून त्यानं ते खिशात घातले.

"सोमवारी बाकावरच्या नव्या बंदुकीच्या चाचणीला एका बारापुरती बारूद लागेल," तो म्हणाला. "सकाळी आलो तर चालेल का?"

एल्झी इन्स्लीनं उभ्या जन्मात कुणाला चालेल का म्हणून विचारलं नव्हतं. बायकोला नाही, सरकारला नाही, सासूला तर नाहीच.

"या ना, डॅडी," रोवीना म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.